कॉपर सायलोचा तिसरा निरोप

कागदपत्रांच्या बाबतीत अख्ख्या हॅनोव्हरमध्ये माझा हात धरणारा माणूस नाही! ही बढाई नाही. आमच्या घरात सत्तावीस ओर्डनर आहेत. ओर्डनर म्हणजे ती जाड पाठीची फाईल, जिच्याशिवाय जर्मनीत माणूस पूर्ण होत नाही. विम्याचा निळा, घराचा हिरवा, मुलीच्या शाळेचा पिवळा. १९९६ साली घेतलेल्या मिक्सरची पावती मागा, चाळीस सेकंदांत काढून देतो. मिक्सर जळून बारा वर्षं झाली, पण पावती आहे!

शैला, माझी बायको, गेल्या नोव्हेंबरात गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर. निदान झाल्यापासून अकरा आठवडे. लोक म्हणाले, नामदेव, जरा रड, मोकळा हो. मी काळा ओर्डनर उघडला. मृत्यूच्या दाखल्याच्या बारा प्रती आणल्या आणि अकरा दिवसांत बँक, पेन्शन, आरोग्य विमा, फोन, लायब्ररी, योगाचा क्लास, सगळीकडून तिचं नाव काढलं. एक चूक नाही! शेवटी दाखल्याची एक प्रत उरली, आणि नाव काढण्यासारखी जागा उरली नाही. त्या संध्याकाळी मात्र आता काय करायचं ते मला कळेना.

मे महिन्यात शैलाच्या ईमेलवर एक पत्र आलं. कॉपर सायलोचा कार्यक्रम अखेर ठरला. चौदा जून, हॅनोव्हर. दोन तिकिटं, रांग नऊ, खुर्ची चौदा आणि पंधरा.

कॉपर सायलो हा अमेरिकेतला हार्ड रॉक बँड. तुम्ही ऐकला नसेल तर तुमचे कान शाबूत आहेत. मी कन्व्हेयर बेल्टच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली. पट्टा तुटून रोलरवर आपटायला लागला की जो आवाज होतो, त्याला हे लोक गाणं म्हणतात! पण शैलाला १९८६ साली औरंगाबादला भावाच्या मित्राने त्यांची एक कॅसेट दिली आणि तिथून ती जी नादी लागली ती लागलीच. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावताना ती हेच गुणगुणायची. पेशंट घाबरायचे.

त्यांचा इतिहास मला माझ्या सर्व्हिस रेकॉर्डपेक्षा जास्त पाठ आहे, मी कधी न विचारता. ओहायोत एका बंद पडलेल्या धान्याच्या कोठारात चार पोरांनी सुरुवात केली. पहिली रेकॉर्ड त्यांच्या आयांनी विकत घेतली. दुसरी, 'थर्सडे डायनामाइट', १९८४ साली जगभर गाजली. मग गिटारवाला भांडून निघून गेला आणि टर्की पाळायला लागला. मग एक व्हायोलिनवाली रेकॉर्ड निघाली, ती सगळ्या जगाला नावडली आणि एकट्या शैलाला आवडली. मग २००९ साली त्यांनी कायमचा निरोप घेतला. मग २०१६ साली पुन्हा कायमचा निरोप घेतला.

दर गुरुवारी संध्याकाळी शैला त्यांची गाणी लावायची.

"अहो, हे ऐका तरी. हे वेगळं आहे."

"नाव काय?"

"वेल्ड मी शट."

"म्हणजे मला वेल्डिंग करून बंद करा? माणसाला वेल्ड करता येत नाही, शैला. हाड वितळत नाही, जळतं."

"अहो, ते वेल्डिंगबद्दल नाहीये!"

"मग कशाबद्दल आहे?"

"तुमच्याबद्दल आहे. जाऊ दे."

२०१६ च्या निरोपाला बर्लिनला जायचं म्हणून तिने दोन तिकिटं काढली होती. माझा औद्योगिक प्रदर्शनाचा आठवडा होता. मी म्हणालो, "ते पुन्हा निरोप घेतील, तेव्हा जाऊ. अशी माणसं एकदा जाऊन थांबत नाहीत." ती एकटी गेली. माझ्या खुर्चीवर तिने कोट ठेवला.

माझं म्हणणं खरं ठरलं. तिसरा निरोप जाहीर झाला. तिने पुन्हा दोन तिकिटं काढली. मग गायकाच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं, कार्यक्रम पुढे गेला. मग दुसऱ्या खुब्याचं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, या वेळी जाल ना?"

"जाऊ की."

"जाऊ नाही. जाल ना?"

"जाईन."

बँड दोनदा निरोप घेऊन परत आला. ती एकदाच गेली.

तर आता जायचं होतं. मुलगी हर्षा बर्लिनला एका स्टार्टअपमध्ये आहे. ती म्हणाली, "पप्पा, मम्माचं तिकीट माझ्या नावावर कर, मी येते तुझ्यासोबत." हर्षाला मराठी सगळं कळतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहितोय एवढंच.

तिकिटावर नाव छापलेलं, दारावर ओळखपत्र दाखवायचं. म्हणजे नाव बदलायला हवं. म्हणजे फॉर्म. म्हणजे माझा प्रांत! मी हर्षाला म्हणालो, "सहा मिनिटांचं काम आहे!"

सहा मिनिटंही लागली नाहीत. तिकिटं शैलाच्या खात्यात होती. पासवर्ड मला माहीत होता, thursday1984. मी आत गेलो, 'तिकीटधारकाचे निधन' या चौकोनावर टिचकी मारली, दाखल्याची शेवटची प्रत स्कॅन करून जोडली आणि मृत व्यक्तीचं नाव तिकिटावर आणि दाखल्यावर आहे तसंच्या तसं लिहिलं: शैला नामदेव सोनकांबळे. आपल्याकडे बाईच्या नावात मध्ये नवऱ्याचं नाव असतं, हे तुम्हाला सांगायला नको. जर्मनीला सांगायला हवं होतं.

आठ दिवसांनी काळ्या किनारीचं पत्र आलं.

"माननीय श्रीमती शैला, आपले पती श्री. नामदेव यांच्या निधनाची वार्ता कळून आम्हास दुःख झाले. त्यांचे तिकीट, रांग नऊ, खुर्ची पंधरा, रद्द करण्यात आले आहे. आपले तिकीट, खुर्ची चौदा, कायम आहे. या कठीण काळात संगीत आपल्याला बळ देवो."

मी ते तीनदा वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. पत्राप्रमाणे ती होती आणि मी गेलो होतो. खरं सांगतो, दोन मिनिटं मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. मग मी चष्मा पुसला आणि फोन लावला.

तिकीट कंपनीच्या बाईंचं नाव फ्राऊ क्योन्के. आवाज गोड.

"श्री. सोनकांबळे? कुठले?"

"नामदेव."

पलीकडे टकटक झाली. "आल्झो... आमच्याकडे ते निधन पावलेत."

"ते मीच आहे."

"माफ करा. आपण त्यांचे कोण?"

"मी तोच आहे! गेली ती माझी बायको. शैला."

"पण श्रीमती शैलांनी स्वतः बारा मे रोजी खात्यात येऊन निधन कळवलंय. मेलेला माणूस खात्यात येत नाही, म्हणून संगणकाने त्यांना जिवंत धरलं. मृताच्या नावात शैला आणि नामदेव अशी दोन नावं होती. उरलं ते नामदेव."

"तिच्या नावातला नामदेव म्हणजे मी. नवऱ्याचं नाव."

"आपलं नाव त्यांच्या नावात का आहे?"

"आमच्यात असतं."

"आणि आपल्या नावात किसन कोण?"

"माझे वडील."

"ते आहेत?"

"ते १९९९ साली गेले."

टकटक. "त्यांचंही तिकीट रद्द करायचं आहे का?"

"त्यांचं तिकीट नव्हतंच! आणि आता माझ्या मुलीचं नाव घालायचंय. हर्षा नामदेव सोनकांबळे."

टकटक थांबली. "आपल्या घरात," फ्राऊ क्योन्के हळूच म्हणाल्या, "सगळ्यांमध्ये नामदेव आहेत?"

"गेनाऊ!" मी म्हणालो. अगदी बरोबर!

त्या खरंच भल्या होत्या. म्हणाल्या, खुर्ची पंधरा तर चार मिनिटांत विकली गेली, मोठी प्रतीक्षा यादी आहे. पण मी जिवंत असल्याचं सिद्ध केलं तर निदान माझं नाव नोंदीत पुन्हा जिवंत करता येईल, आणि त्यानंतरच पुढचे बदल. कसं सिद्ध करायचं? लेबेन्सबेशायनिगुंग. आपला हयातीचा दाखला! मी नगरपालिकेच्या कार्यालयाची वेळ बघितली. पहिली मोकळी वेळ, दोन जुलै, सकाळी नऊ पन्नास. कार्यक्रम चौदा जूनला. म्हणजे मी आणखी दीड महिना मेलेलाच राहणार होतो. तरी वेळ घेऊन ठेवली. पावती काळ्या ओर्डनरला लावली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मीटिंग चालू असताना हर्षाचा फोन आला. मी कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला. नवव्यांदा घेतला.

"पप्पा!" ती मराठीत ओरडली. "पप्पा, तू आहेस ना? तू आहेस?"

पंधरा वर्षांत तिने माझ्याशी मराठीत बोललेलं हे पहिलं वाक्य.

"आहे. काय झालं?"

तिने एक फोटो पाठवला. कॉपर सायलोच्या जर्मनीतल्या चाहत्यांच्या मंडळाचं पान. काळी फीत, खाली मेणबत्ती. "आमच्या लाडक्या शैलाचे पती नामदेव, हॅनोव्हर, यांचे निधन. बँडचा एक निष्ठावंत चाहता हरपला."

निष्ठावंत चाहता! मी!

ती दोन्ही तिकिटं या मंडळाच्या वाट्यातली होती, म्हणून कंपनीने मंडळाला कळवलं होतं. आणि शैला या मंडळाची सभासद होती, हे मला माहीतच नव्हतं. सत्तावीस ओर्डनरांपैकी एकातही त्याचा कागद नव्हता. साऱ्या जगातून मी तिचं नाव काढून आणलं होतं आणि एक जागा राहून गेली होती. तिथे ती अजून होती.

"पप्पा, त्यांना लगेच फोन कर," हर्षा पुन्हा जर्मनवर आली. "सांग त्यांना खरं काय ते."

"सांगतो."

मी सांगितलं नाही. का ते विचारू नका.

त्याची शिक्षा रविवारी दुपारी तीनला मिळाली. बेल वाजली. दारात तीन अवाढव्य माणसं, कातडी जाकिटं, दाढ्या छातीपर्यंत, पाठीवर कॉपर सायलोच्या कोठाराचं चित्र. सगळ्यांत पुढच्याच्या हातात बुटरकुखनचा ट्रे. हा लोण्याचा केक, इकडे मयताच्या घरी हाच खातात.

"मी उवे," तो म्हणाला. "मंडळाचा अध्यक्ष. शैलाला भेटायला आलोय."

मी बाजूला झालो. तिघे आत आले, बूट काढून एका रांगेत ठेवले आणि सोफ्यावर बसले. सोफा ओरडला.

"आपण नामदेवचे भाऊ?" उवेने विचारलं.

"घरचाच आहे मी."

"शैला कशी आहे?"

"आता त्रास नाही तिला."

"झोपलीये?"

मी केक कापायला घेतला. उवे बोलत राहिला. बर्लिनच्या कार्यक्रमाला गाडीत शैलाने सगळ्यांसाठी थर्मासभर चहा आणि मिरचीचे ठेपले आणले होते, त्यातला एक खाऊन ड्रायव्हर रडला होता. "तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. एकाने बसू का विचारलं, तर म्हणाली, नाही, ही माझ्या नवऱ्याची. तो मोठा इंजिनिअर आहे, त्याला वेळ नाही." उवेने नाक ओढलं. "नामदेवला आमचं संगीत कळायचं नाही, हे आम्हाला माहीत होतं हं. पानावर तसं लिहिलं ते तिला बरं वाटावं म्हणून. पण ती सांगायची, दर गुरुवारी मी गाणी लावते तेव्हा तो कुरकुर करतो, पण खोलीतून उठून जात नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. म्हणायची, एवढं पुरे."

मी केकचे तुकडे करत होतो. तिघांसाठी अठरा तुकडे झाले होते.

"आता तिला उठवाल?" उवे म्हणाला. "दोन मिनिटं भेटतो आणि जातो."

मी उठलो, काळा ओर्डनर काढला, दाखल्याची शेवटची प्रत काढली आणि केकशेजारी ठेवली. उवेने चष्मा लावला. नाव वाचलं, तारीख वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"मग तुम्ही...?"

"नामदेव," मी म्हणालो. "माफ करा."

तो जो रडायला लागला! एवढा मोठा माणूस, आणि आवाज अगदी कॉपर सायलोचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी भिंतीवर ठोकलं. रविवारची शांततेची वेळ! उवेने तोंडावर हात धरला. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मीही सुरू झालो. सात महिन्यांत पहिल्यांदा. माझा आवाज त्याच्याहून मोठा निघाला. पुन्हा भिंत वाजली!

ते गेल्यावर पाहिलं तर दाखल्यावर लोण्याचा हा एवढा डाग. असला कागद कुठलंही कार्यालय घेत नाही.

चौदा जून उजाडला. एकच तिकीट होतं, शैलाचं, आणि हर्षा म्हणाली होती, "पप्पा, तूच जा. वचन तू दिलंयस." उवेने गेटपाशी भेटतो म्हणून सांगितलं होतं. आता लक्षात घ्या, मी बत्तीस वर्षांत लाल सिग्नलला रस्ता ओलांडलेला नाही, रात्री रस्ता रिकामा असला तरी! आणि आज दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर आत शिरणार होतो. खिशात लोण्याचा दाखला, तिकीट कंपनीचं पत्र, लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन जुलैच्या वेळेची पावती. मनात भाषण पाठ. रांगेत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

गेटवर हर्षाच्या वयाची एक मुलगी. तिने तिकीट घेतलं, माझं ओळखपत्र घेतलं. तिकिटावर शैला नामदेव सोनकांबळे. ओळखपत्रावर नामदेव किसन सोनकांबळे. तिचं बोट तिकिटावरून सरकलं.

"नामदेव... सोनकांबळे," ती म्हणाली. "जुळतंय. पुढे चला."

मी हललो नाही. "एक मिनिट, मला सांगायचंय, हे तिकीट माझ्या..."

"जुळतंय म्हटलं ना! मागे रांग आहे."

उवेने मागून मला आत ढकललं. नाहीतर मी स्वतःलाच पकडून दिलं असतं!

बत्तीस वर्षं जर्मनीत शैलाला लोक फ्राऊ नामदेव म्हणून हाका मारायचे आणि ती प्रत्येकाला दुरुस्त करायची. त्या दिवशी कुणी दुरुस्त करायला नव्हतं, म्हणून मी आत गेलो.

खुर्ची चौदावर बसलो. पंधरावर एक जाडजूड गृहस्थ, हातात बिअर.

"काय नशीब बघा!" तो म्हणाला. "सगळं विकलं गेलं होतं. कोणीतरी मेला म्हणून मला मिळालं!"

"हो का."

"नामदेव नावाचा कोणी. मंडळाच्या पानावर होतं. मोठा चाहता होता म्हणे." त्याने खुर्चीखाली ठेवलेला दुसरा पेला माझ्या हातात दिला. "त्याच्या नावाने एकदा होऊ द्या!"

मी पेला वर केला. काय करणार! त्याने खुर्चीवर ऐसपैस बसून घेतलं. तिचा कोट ठेवायची जागा ती.

बँड आला. चार म्हातारे. गायक काठी टेकत आला आणि मग काठी फेकून दिली, आणि मग पुढचा सगळा वेळ तिच्याकडे बघत राहिला. आवाज असा की माझ्या दातांतलं सिमेंट हललं. कानात बोळे घालून मी दीड तास बसलो. मग त्यांनी ते वेल्डिंगचं गाणं सुरू केलं. मी बोळे काढले. वेल्डिंगबद्दल नव्हतं ते. एका माणसाबद्दल होतं, जो बोलत नाही आणि दार उघडून जातही नाही.

शेजारचा भसाड्या आवाजात गात होता, म्हणून मी रडलो ते कुणाला ऐकू गेलं नाही.

शेवटी गायक म्हणाला, "हॅनोव्हर, हा निरोप नाही! पुढच्या वर्षी भेटू!" सगळे नाचले. मी कॅलेंडर काढलं, मग ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी शैलाच्या ईमेलवर तिकीट कंपनीचा फॉर्म आला. "श्रीमती शैला, कालचा अनुभव कसा वाटला?" आता फॉर्म दिसला आणि मी भरला नाही असं होतं का? एक ते पाच तारे. मी तीन दिले, मग तिकीट तिचं होतं हे आठवून पाच केले. पुढचा प्रश्न. "आपण एकट्या आलात की जोडीदारासोबत?"

यावर मी वीस मिनिटं बसलो. 'जोडीदारासोबत' या चौकोनावर टिचकी मारली.

"जोडीदाराचे नाव?"

नामदेव किसन सोनकांबळे, असं मी लिहिलं.

लगेच लाल अक्षरं उमटली. "आमच्या नोंदीनुसार ही व्यक्ती हयात नाही. कृपया दुरुस्त करा."

दुरुस्त काय करणार, तुम्हीच सांगा! फॉर्म तसाच उघडा ठेवलाय. दोन जुलैची माझी वेळ आहे, नऊ पन्नासची. हर्षा म्हणते रद्द कर, कार्यक्रम तर झाला. पण मी जाऊन येईन म्हणतो. दाखला मिळाला तर बरा. बघू, देतात का.